ढगांच्या जंगलात बेडूक शोधताना

प्रश्न : कोस्टारिकातल्या मोंतेवेर्देच्या मेघवनात रात्री उभयचर शोधायला जाणार आहे. ओढ्याकाठीच थांबावं का?

उत्तर : ओढा बघाच, पण सगळी रात्र तिथे घालवू नका. तिथली हवा इतकी ओली असते की अनेक जातींचे बेडूक जमिनीवरच अंडी घालतात आणि टॅडपोल (शेपटीचं पिल्लू) न होता थेट इवलासा बेडूक बाहेर येतो. म्हणून पानं बघा, विशेषतः गुडघा ते खांदा या उंचीवरची. टॉर्च आपल्या डोळ्यांच्या रेषेत धरा, म्हणजे बेडकांचे डोळे चमकलेले दिसतील. फांद्यांवर वाढणाऱ्या ब्रोमेलियाडमध्ये (अननसाच्या कुळातल्या वनस्पती) पाणी साठतं, तिथे सॅलॅमँडरही (सरड्यासारखे दिसणारे, शेपटीवाले उभयचर) दडतात. नुसतं डोकवा, पानं उचकटू नका, ते कुणाचं तरी घर आहे.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. जाण्यापूर्वी बूट घासून, निर्जंतुक करून पूर्ण वाळवा. कायट्रिड बुरशी चिखलातून पसरते आणि बेडकांच्या कातडीवर हल्ला करते. याच डोंगरावरचा सोनेरी भेक (गोल्डन टोड, बेडकाचाच भाऊबंद) १९८९ नंतर कुणालाही दिसलेला नाही. त्याच्या नाशामागे या बुरशीचाही हात असावा, असं मानतात. हाताला डास पळवणारं मलम लावलं असेल तर बेडकाला शिवूच नका. खरं तर एरवीही नको.