दिल्लीच्या तीन रात्री, अमृतसरच्या दोन

प्रश्न : आम्ही विलेपार्ल्याला राहतो. यजमान, मी आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई असे तिघे जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सहा दिवसांसाठी दिल्ली आणि अमृतसरला जाण्याचा विचार करत आहोत. दोन दिवस दिल्ली, एक दिवस आग्रा, मग एक दिवस अमृतसर, आणि परत दिल्लीला येऊन मुंबईचे विमान, असा आराखडा यजमानांनी केला आहे. सासूबाईंचे गुडघे दुखतात, मात्र उत्साह आमच्याहून अधिक आहे. माहेरी वारीची परंपरा असल्यामुळे देवस्थानांची त्यांना विशेष ओढ आहे. दिवसांची ही वाटणी योग्य आहे का?

उत्तर : दिवस मोजून सहल आखली की ती ऐसपैस वाटते, रात्री मोजल्या की तिचे खरे माप कळते. आपल्या आराखड्यात दिल्लीला तीनदा पोहोचायचे आहे, एकदा मुंबईहून, एकदा आग्र्याहून आणि एकदा अमृतसरहून. दिल्ली आणि अमृतसर यांच्यामध्ये रेल्वेने सुमारे साडेचारशे किलोमीटरचे अंतर आहे आणि शताब्दी गाडीलाही ते कापायला सहा तास लागतात. केवळ विमान पकडण्यासाठी दिल्लीला परतणे म्हणजे शेवटचा संपूर्ण दिवस सामानाशेजारी बसून घालवणे होय. अमृतसरहून मुंबईला थेट विमान मिळते. त्यामुळे जाताना दिल्ली गाठावी आणि येताना अमृतसरहून थेट घरी यावे. त्यासाठी जाण्याचे व येण्याचे तिकीट वेगवेगळे काढावे लागेल, आणि ते थोडे महाग पडले तरी वाचलेल्या दिवसाच्या मानाने स्वस्तच ठरेल.

आग्रा या वेळी सरळ वगळावे. यजमानांची नाराजी पत्करून हे लिहीत आहे, परंतु गुडघेदुखी असलेल्या माणसाला एका दिवसात दिल्लीहून आग्र्याला नेऊन आणले, तर पुढचा दिवस विश्रांतीला द्यावा लागतो आणि तो आपल्या हिशेबात कोठेच धरलेला नाही.

आता वारांविषयी. लाल किल्ला, राष्ट्रीय संग्रहालय आणि अक्षरधाम ही तिन्ही ठिकाणे सोमवारी बंद असतात. म्हणून गुरुवारी संध्याकाळी राजधानी एक्स्प्रेसने निघावे (पार्लेकरांनी मुंबई सेंट्रलपर्यंत उलटे न जाता बोरिवलीला चढावे), शुक्रवारी सकाळी दिल्लीत उतरावे, शुक्रवार, शनिवार आणि रविवार या तीन रात्री तेथे राहावे आणि सोमवार, जो दिल्लीत एरवीही वाया जातो, तो सकाळच्या शताब्दीला द्यावा. दुपारी जेवणाच्या सुमारास अमृतसर येते. सोमवार आणि मंगळवारच्या रात्री तेथे काढून बुधवारी विमानाने परत फिरावे.

दिल्लीत रोज एकच मोठे ठिकाण पाहावे, असा माझा आग्रह राहील. कुतुबमिनारचा परिसर बहुतांश सपाट असल्याने सासूबाईंना सोयीचा आहे. मिनारात चढण्यास १९८१ च्या दुर्घटनेनंतर बंदी आहे, त्यामुळे तेथे धडधाकट आणि गुडघेदुखीवाले एकाच पातळीवर येतात. हुमायूनच्या मकबऱ्याच्या उंच चौथऱ्यावर जाणाऱ्या पायऱ्या मात्र खड्या आहेत. सासूबाईंनी खाली बागेतच बसून तो पाहावा आणि त्यात त्यांचे फारसे काही हुकत नाही, कारण ती इमारत लांबूनच अधिक खुलते. लाल किल्ल्यात चालणे बरेच पडते, पण मराठी माणसाने दिवाण-ए-खासमध्ये क्षणभर मान वर करून छताकडे पाहावे. १७६० मध्ये दिल्ली ताब्यात आल्यावर सदाशिवरावभाऊंनी फौजेच्या खर्चासाठी तेथील छताची चांदी उतरवली होती. पुढच्याच जानेवारीत काय झाले, ते आपल्याला ठाऊक आहेच. सोमवारी अमृतसरला जाणारी गाडी दिल्ली सोडल्यावर पानिपतावरूनच जाते. स्थानकाची पाटी झर्रकन मागे पडते, म्हणून तासाभराने खिडकीकडे लक्ष ठेवावे.

किल्ल्यासमोरच्या चांदणी चौकाच्या मुख्य रस्त्यावर दिवसा मोटारींना मज्जाव असतो आणि सायकलरिक्षा मिळते. थंडीत तेथे ‘दौलत की चाट’ विकायला येते. नाव चाट असले तरी तो दुधाचा गोड फेस असतो, वर केशराचा पिवळा हात फिरवलेला आणि साखर भुरभुरलेली, आणि जिभेवर ठेवताच तो नाहीसा होतो. सासूबाईंच्या दातांनाही त्याचा त्रास होणार नाही.

अमृतसरला आपण एकच दिवस ठेवला होता, तेथे माझा मुख्य आक्षेप आहे. हरमंदिर साहिब, म्हणजेच सुवर्णमंदिर, एकदा पाहून उरकण्याचे स्थान नाही, ते निदान दोन वेगवेगळ्या वेळी पाहावे. सोमवारी रात्री गुरू ग्रंथसाहिब पालखीतून समोरच्या अकाल तख्तात, म्हणजे शिखांच्या सर्वोच्च धर्मपीठाच्या इमारतीत, विश्रांतीसाठी नेला जातो, तेव्हा एकदा जावे, आणि मंगळवारी पहाटे, सरोवराच्या पाण्यात सोन्याचा कळस हळूहळू उजळत असताना पुन्हा जावे. या दोन्ही वेळा पायी गाठता याव्यात म्हणून मुक्काम मंदिराजवळच घ्यावा, कारण वाहने बरीच अलीकडे थांबतात. जोडाघरात चपला देऊन बिल्ला घ्यावा, डोके झाकावे आणि वाहत्या पाण्यातून पाय धुऊन आत जावे. प्रवेशद्वारातून परिक्रमेकडे पायऱ्या उतराव्या लागतात, तेथे सासूबाईंचा हात धरावा. गाभाऱ्याकडे जाणाऱ्या पुलावरची रांग सुट्टीच्या दिवशी फार लांबते, म्हणूनही सोमवार-मंगळवार बरे. लंगरमध्ये जमिनीवर बसावे लागते, परंतु ज्यांना मांडी घालणे जमत नाही त्यांनी सेवेकऱ्यांना तसे सांगावे. पोळी ताटात वाढली जात नाही, ती दोन्ही हात पुढे करून प्रसादासारखी घ्यायची असते. या बैठकीला तेथेही ‘पंगत’च म्हणतात, हे ऐकून सासूबाईंना घरच्यासारखे वाटेल.

मंगळवारी सकाळी जालियनवाला बाग आणि टाउन हॉलमधील फाळणी संग्रहालय पाहावे. हे संग्रहालयही सोमवारी बंद असते, हा आणखी एक योगायोग आपल्या वेळापत्रकाच्या बाजूने पडतो. बागेत १३ एप्रिल १९१९ च्या गोळ्यांच्या खुणा भिंतीवर जपलेल्या आहेत.

दुपारी बहुतेक प्रवासी अटारीच्या सीमेवरील ध्वजसोहळ्याला जातात. २०२५ मधील तणावानंतर तो फाटके न उघडता आणि हस्तांदोलनाशिवाय पुन्हा सुरू करण्यात आला. प्रेक्षकांसाठी पायऱ्यापायऱ्यांचे सज्जे आहेत आणि गर्दी व आवाज पुष्कळ असतो. यजमानांनी हवे तर तेथे जावे. आपण सासूबाईंना घेऊन घुमानला जावे, असे मी सुचवेन. गुरुदासपूर जिल्ह्यातील हे गाव अमृतसरहून मोटारीने दीड तासाच्या आत येते. संत नामदेवांनी उत्तरायुष्यातील दीर्घकाळ येथे घालवला, असे मानले जाते. त्यांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत, आणि त्यांची समाधी पंढरपूरला नामदेव पायरीशी, अशी आपली श्रद्धा असली तरी पंजाबातील भाविक ती घुमानला मानतात. २०१५ चे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच गावी भरले होते. वारीच्या घरातल्या सासूबाईंना दिल्लीतील सगळ्या इमारतींहून हे गाव अधिक लक्षात राहील, असा माझा अंदाज आहे.

तारखा मात्र बदलाव्यात. डिसेंबरअखेरपासून जानेवारीभर त्या पट्ट्यात दाट धुके पडते. प्रस्तुत लेखकाने एका जानेवारीत एका फलाटावर नऊ तास गाडीची वाट पाहिली आहे आणि तेवढ्या वेळात चहाचे किती पेले झाले, हे मोजणे सोडून दिले होते. शिवाय प्रजासत्ताक दिनाच्या आधी काही दिवस लाल किल्ला प्रवाशांना बंद असतो. फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा निवडावा. थंडी तेव्हाही असते, मुंबईकराच्या कपाटातला एकुलता एक स्वेटर तेथील पहाटेला पुरणार नाही, म्हणून सासूबाईंसाठी लोकरी मोजे आठवणीने घ्यावेत. मंदिरात मात्र चपलांबरोबर मोजेही काढावे लागतात, म्हणून बाहेर आल्यावर घालायला एक कोरडा जोड पिशवीत वेगळा असू द्यावा.

प्रश्न : मुंबईहून अमृतसरला थेट गाडी असताना दिल्लीत उतरायचेच कशाला? (गिरगावातील एक वाचक)

उत्तर : केवळ अमृतसरच पाहायचे असेल, तर उतरू नये. मुंबई सेंट्रलहून सुटणारी गोल्डन टेंपल मेल ही १९२८ साली सुरू झालेली आणि फाळणीपूर्वी पेशावरपर्यंत जाणारी फ्रंटियर मेल होय. तिचे नाव १९९६ मध्ये बदलले. प्रवास तीस तासांच्या आसपासचा आहे. रेल्वेची आवड असणाऱ्याने जाताना तिने जावे आणि येताना दिल्लीत दोन रात्री थांबून राजधानीने परतावे. ज्येष्ठ नागरिकांची भाडेसवलत २०२० पासून बंद आहे, पण खालच्या बर्थचा स्वतंत्र कोटा आहे. आरक्षण प्रवासाच्या साठ दिवस आधी खुले होते, त्याच सकाळी तो पर्याय निवडून तिकीट काढावे.