‘खरे युनिक्स’ की चालणारे वाय-फाय?

प्रश्न : माझा लॅपटॉप जुना असून त्यात 4 जीबी रॅम आहे. विंडोज 10 चे नियमित पाठबळ ऑक्टोबर 2025 मध्ये थांबल्याने मी मोफत कार्यप्रणालीच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या) शोधात आहे. भाचा म्हणतो, ‘फ्रीबीएसडी घे, तेच खरे युनिक्स’. मित्र लिनक्स मिंट सुचवतो. मला ई-मेल, बँकेची कामे आणि मराठी टंकलेखन करायचे आहे, शिवाय निवृत्तीनंतर युनिक्स शिकण्याची हौसही आहे. काय निवडावे?
– एक वाचक, सातारा

उत्तर : युनिक्स ही एटी अँड टी या अमेरिकी दूरध्वनी कंपनीत जन्मलेली जुनी कार्यप्रणाली. आपल्या भाच्याचे म्हणणे वंशावळीपुरते खरे आहे. फ्रीबीएसडीचे मूळ कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत वाढलेल्या युनिक्समध्ये आहे, तर लिनक्सचा गाभा (कर्नल, म्हणजे यंत्राशी थेट बोलणारा मुख्य भाग) लिनस टोरवाल्ड्स या हेलसिंकीच्या विद्यार्थ्याने 1991 मध्ये नव्याने लिहायला घेतला. मात्र ‘युनिक्स’ हे नाव नोंदणीकृत असून ते फ्रीबीएसडीलाही अधिकृतपणे लावता येत नाही. ते लावण्याचा मान, गंमत म्हणजे, अ‍ॅपलच्या मॅकओएसकडे आहे. बर्कलीच्या वारशावर 1992 मध्ये एटी अँड टीच्या उपकंपनीने न्यायालयात दावा लावला, तो 1994 मध्ये मिटला, आणि त्या दोन वर्षांत लिनक्सने आपला जम बसवून घेतला.

नवशिक्याला जाणवणारा फरक मात्र वेगळाच असतो. लिनक्स हा केवळ गाभा असून डेबियन, उबुंटू, मिंट या मंडळींनी त्याभोवती निरनिराळ्या ठिकाणचे साहित्य जमवून प्रणाली उभी केलेली असते. फ्रीबीएसडीत गाभा आणि मूळ साधने एकाच चमूची असतात, आणि आपण नंतर घेतलेले सारे काही ‘/यूएसआर/लोकल’ या निराळ्या कप्प्यात राहते. ही शिस्त शिकणाऱ्याला फार उपयोगी पडते, कारण कोणती गोष्ट मूळची आणि कोणती आपण आणलेली, हे पाहताक्षणी कळते. तिची अधिकृत हस्तपुस्तिकाही सविस्तर आणि वाचनीय आहे.

अडचण लॅपटॉपवर येते. फ्रीबीएसडी बसवून संगणक पुन्हा सुरू केला, तेव्हा काळ्या पडद्यावर ‘लॉगिन’ एवढाच शब्द पाहून काहीतरी बिघडले असे मला वाटले होते. प्रत्यक्षात सर्व यथास्थित होते, फक्त खिडक्या, चित्रफलकाचा (ग्राफिक्स कार्डचा) ड्रायव्हर, म्हणजे तो भाग चालवणारा प्रोग्राम, आणि डेस्कटॉप हे सारे मलाच मागवायचे होते. वाय-फायच्या ड्रायव्हरबाबतही ही प्रणाली लिनक्सच्या मागे राहिलेली आहे. बर्कलीच्याच वंशातल्या ओपनबीएसडीचा सारा भर सुरक्षेवर आहे, तर नेटबीएसडीचा नाना जातींच्या यंत्रांवर चालण्यावर. या दोन्हींचा विचार आपण तूर्त करू नये.

म्हणून रोजच्या कामासाठी लिनक्स मिंटची एक्सएफसीई (हलक्या डेस्कटॉपची) आवृत्ती घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. तिला किमान 2 जीबी रॅम लागते आणि 4 जीबीवर ती सुखाने चालते, मात्र ब्राउझरमध्ये एका वेळी वीस पाने उघडी ठेवू नयेत. डिस्कला हात लावण्यापूर्वी ती पेन ड्राइव्हवरूनच चालवून वाय-फाय, आवाज आणि झाकण मिटल्यावर येणारी झोप तपासावी. त्याच बैठकीत कीबोर्डच्या मांडणीत मराठी इनस्क्रिप्ट जोडून ‘दऱ्या’ हा शब्द लिहून पाहावा : ओ, शिफ्टसह जे, डी, तिरकी रेघ आणि शेवटी ई. ‘र’ डोक्यावर रफार होऊन न चढता ‘या’च्या आधी चंद्रकोरीसारखा उमटला, तर मांडणी आणि फाँट दोन्ही ठीक आहेत.

हौसेसाठी मिंटमध्येच व्हर्च्युअलबॉक्स, म्हणजे एका प्रणालीच्या आत दुसरी चालवणारा प्रोग्राम, बसवून त्यात फ्रीबीएसडीला 1 जीबी रॅम द्यावी. बसवताना फाइलप्रणालीचा प्रश्न आला की स्मृती अधिक मागणाऱ्या झेडएफएसऐवजी यूएफएस निवडावी, आणि डेस्कटॉपच्या वाटेला न जाता आज्ञा शिकाव्यात. तिथे काही बिघडले, तरी बँकेचे काम अडणार नाही. भाच्याला मात्र हस्तपुस्तिकेतील अडलेला परिच्छेद समजावून द्यायला बसवावे. आग्रह त्याचाच होता.