प्रोलॅक्टिनचा आकडा सोडा, नजरेकडे लक्ष ठेवा

पाचवा महिना, पिट्युटरीत, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीत, प्रोलॅक्टिन (दूध आणणारं हार्मोन) बनवणारी ६ मिमीची गाठ, दिवस राहिल्यावर ते कमी करणारी कॅबरगोलिनची गोळी बंद, आणि आता घरच्यांच्या आग्रहाने केलेल्या रक्ततपासणीत प्रोलॅक्टिन १४०. गाठ वाढली का, सासूबाई एका नातेवाईक बाईचं उदाहरण देतात तसं सिझेरियनच करावं लागेल का, असं तुम्ही विचारलंय. माझी दोन्ही बाळंतपणं अशीच गाठ असताना ठाण्यात झाली, म्हणून सविस्तर लिहिते.

तो १४० चा आकडा डोक्यातून काढा. गरोदरपणात सगळ्याच बायकांचं प्रोलॅक्टिन वाढतं, शेवटी नेहमीच्या दहापटीच्या आसपास जातं. दुधाची तयारी चालू असते. त्यातलं गाठीचं किती, हे रक्तावरून कळतच नाही. म्हणून जाणते एंडोक्रिनोलॉजिस्ट (हार्मोनचे डॉक्टर) या काळात ही तपासणी लिहीत नाहीत. लॅबच्या पॅकेजात फुकट असली तरी नको.

१० मिमीच्या आतली गाठ गरोदरपणात त्रास देण्याइतकी वाढते ती शंभरात दोन-तीन जणींची. त्याहून मोठी आणि आधी ऑपरेशन न झालेली असेल तर साधारण पाचांत एकीची. तिथे गोळी चालू ठेवायची का, हा विचारही वेगळा होतो.

लक्ष ठेवायचं ते नजरेवर. पिट्युटरीच्या बरोबर वर दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना छेदतात. गाठ वर सरकली की आधी कडेचं दिसेनासं होतं. समोरचं स्वच्छ दिसत असतं, त्यामुळे पत्ता लागत नाही. गोखले रोडवर बाजूने आलेली रिक्षा अगदी जवळ आल्यावर दिसते, दाराच्या चौकटीला खांदा लागतो. चष्म्याच्या दुकानातल्या अक्षरांवर हे सापडत नाही, त्याला पेरिमेट्री, म्हणजे नजरेचा घेर मोजणारी तपासणी, लागते. तुमच्या आकाराच्या गाठीला तक्रार असेल तरच, मोठीला दर तिमाहीला.

डोकं सतत दुखायला लागलं तर आधी बीपी मोजून घ्या, पाचव्या महिन्यानंतर ते कारणही असू शकतं. अचानक असह्य दुखलं, उलट्या झाल्या, एकाचे दोन दिसले, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट कॅज्युअल्टी. एमआरआयला घाबरू नका, त्यात एक्स-रे नसतो. चित्र ठळक यावं म्हणून देतात ते गॅडोलिनियमचं इंजेक्शन मात्र टाळतात, म्हणून गरोदर आहात हे तिथल्या टेक्निशियनला स्वतः सांगा. गाठ वाढलेली निघाली तरी बहुतेक वेळा गोळी पुन्हा सुरू केली की भागतं, ऑपरेशन क्वचित.

सासूबाईंनी ज्या नातेवाईक बाईचं सिझेरियन सांगितलं, तिला मेनिन्जिओमा होता. ती मेंदूच्या आवरणाची गाठ. तिच्यात अनेकदा प्रोजेस्टेरॉनला (गरोदरपणात वाढणाऱ्या हार्मोनला) प्रतिसाद देणाऱ्या पेशी असतात, ती फुगू शकते, फिट येऊ शकते; कळा देताना डोक्यातला दाब वाढतो म्हणून बाळंतपण कसं करायचं हे न्यूरोसर्जनला विचारून ठरतं. तुमच्या गाठीला तो नियम नाही. नॉर्मल होऊ शकते. गायनॅक ठाण्यात आणि एंडोक्रिनोलॉजिस्ट वाशीत असतील तर दोघांना एकमेकांचे नंबर देऊन टाका, निरोप्याचं काम तुम्ही करू नका.

बाळाला पाजताही येतं. कॅबरगोलिनने दूध आटतं, त्यामुळे नजर ठीक असेल तर पाजणं संपेपर्यंत थांबतात आणि मग तपासण्या करतात. काहींना नंतर गोळी लागतच नाही. मला लागली, आठवड्याला अर्धी.