सोलापुरात प्लॉटवर लावलेली रोपं खुरटलीत : मातीतले किडे मारू की मायकोरायझा घालू?

जुळे सोलापुरातल्या प्लॉटवर लावलेली कडुनिंब-चिंचेची रोपं जगलीत, पण वाढतच नाहीत, आणि आळ्यात बारीक किडे दिसतात, असं तुम्ही लिहिलंय. दुकानदार दाणेदार कीटकनाशक टाका म्हणतो, शेजारी मायकोरायझाची, म्हणजे मुळांशी जोडून राहणाऱ्या उपकारक बुरशीची, पावडर सुचवतात. कीटकनाशक अजिबात नको. पावडरीचं पुढे बोलतो.

आधी किडे. आळ्यातला ओलसर पालापाचोळा हलकेच बाजूला करा. टाचणीच्या टोकाएवढे, पांढुरके, बोट नेलं की टुणकन उडणारे जीव दिसले तर ते स्प्रिंगटेल. ते कुजका पाला आणि बुरशी खातात, रोपाला हात लावत नाहीत. उलट त्यांच्या विष्ठेतून अडकलेलं नत्र (नायट्रोजन) मोकळं होतं. संख्या फारच वाढली तर मुळांवरच्या बुरशीचे धागे कुरतडतात, हे खरं. पण पाला कुजवणारी बुरशी त्यांना जास्त आवडते. गंमत म्हणजे 2001 साली ‘नेचर’मध्ये आलेल्या एका प्रयोगात पाइनच्या मुळांवरच्या बुरशीनेच स्प्रिंगटेल मारून त्यांच्यातलं नत्र झाडाला पोचवलं होतं. कडुनिंबाची बुरशी वेगळ्या गटातली, तिच्याकडून ती अपेक्षा नको. भ्यायचंच तर हुमणीला भ्या: अर्धवर्तुळात वाकलेली, पांढरट, तपकिरी डोक्याची अळी. ती कोवळी मुळं खाते. दिसली की वेचून काढा.

तुमच्या रोपांचं दुखणं मला वेगळंच वाटतं. आपल्याकडची माती चुनखडीची, त्यात स्फुरद (फॉस्फरस) कॅल्शियमशी बांधलं जातं. ते मातीतून जवळपास सरकतच नाही, त्यामुळे मुळाला भोवतालच्या एक-दोन मिलिमीटरमधलंच मिळतं. मायकोरायझाचे धागे मुळावरच्या केसांपेक्षाही बारीक असतात आणि कित्येक सेंटिमीटर लांबून स्फुरद, जस्त आणतात. मोबदल्यात झाडाकडून साखर घेतात. प्लॉट पाडताना वरची माती खरवडून मुरूम टाकला असेल (शिवाय बांधकामाचा सिमेंट-चुना), तर तिथे ना ही बुरशी, ना तिची बीजं इकडून तिकडे नेणारी गांडुळं.

उपाय ज्वारीच्या रानात आहे. या बुरशीला ठरावीक जातीचंच झाड लागतं असं नाही, म्हणून प्रयोगशाळाही ती वाढवायला ज्वारी-मका वापरतात. ओळखीच्या शेतकऱ्याला विचारून ज्वारीच्या ताटांची मुळं आणि त्यांना चिकटलेली माती घमेलंभर आणा, मुळं बारीक तोडा, आणि रोपाच्या बाजूला वीतभर खोल, मुळांना लागेल अशी दोन-तीन ओंजळी घाला. मर रोग (पीक सुकून मरतं तो) लागलेल्या शेतातली माती मात्र नको, रोग घरी याल घेऊन. नान्नजच्या माळढोक अभयारण्यातली माती उकरायला तर कृपा करून जाऊ नका.

मग वर पालापाचोळ्याचा जाड थर, आणि डीएपी (स्फुरदाचं रासायनिक खत) बंद. आयतं स्फुरद मिळालं की झाड बुरशीला साखर देणं कमी करतं. कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची आळवणीही (मुळाशी ओतणं) टाळा. पाल्याखाली पांढरं जाळं दिसलं तर ते बहुधा पाला कुजवणाऱ्या बुरशीचं. तुमच्या रोपांचा मायकोरायझा मुळाच्या आत राहतो, त्याचे बाहेर पसरलेले धागेही नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत.

ज्वारीची माती मिळालीच नाही तर पावडर घ्या, पण पुडीवरची मुदत बघून, आणि ‘एंडो’ (मुळाच्या आत शिरणारी बुरशी) लिहिलेली. ‘एक्टो’ (मुळाला बाहेरून वेढणारी) पाइन आणि साल या झाडांसाठी असते, कडुनिंब-चिंचेला तिचा उपयोग नाही.