मुलांसाठी रंगीत, गोड टोस्ट घरी कसा करावा?
रंग ब्रेड शेकण्यापूर्वीच द्यावा, म्हणजे तो आत मुरतो. दोन चमचे दुधात थोडी पिठीसाखर घालून त्यात गुलाबी रंगासाठी बीटचा रस किंवा पिवळ्यासाठी हळदीची अगदी लहान चिमूट मिसळावी आणि स्वच्छ, नव्या ब्रशने मुलांनाच पांढऱ्या ब्रेडवर फुले, मासे, हवे ते काढू द्यावे. खरी मजा त्यातच आहे. दूध मात्र बेताने लावावे, कारण ब्रेड भिजला की तो तव्याला चिकटून फाटतो. रंगवलेली बाजू वर ठेवून मंद आचेवर, झाकण न ठेवता, खालची बाजू खरपूस होईपर्यंत शेकावे आणि शेवटी काही क्षणच उलटावे, कारण साखर लवकर करपते व चित्र तपकिरी होते. वरून मध लावणार असाल, तर एक वर्षाखालील बाळाला तो टोस्ट मुळीच देऊ नये.