झांझिबारच्या दुकानातली पितळी खिळ्यांची लाकडी पेटी खरंच जुनी आहे का, हे कसं ओळखायचं?

पेटीची दर्शनी बाजू सोडा. ती उलटी करून तळ पाहा आणि खण पूर्ण बाहेर काढून त्यांच्या कडा बोटांनी चाचपा. मी जुन्या फर्निचरच्या दुरुस्तीचं काम करतो. नकली जुनेपणा बहुधा समोरच आणलेला असतो. वर्षानुवर्षं ओढलेल्या खणाची खालची कड वेडीवाकडी झिजते, खिळ्यांभोवतीच्या खाचांत मळ घट्ट बसतो. आतबाहेर सगळीकडे एकसारखा काळपटपणा दिसला, तर तो पॉलिशचा समजा. मात्र जुन्या फळ्यांपासून नवी पेटीही बनते, त्यामुळे नुसत्या लाकडावर भरवसा नको. आणि दुकानदार ‘सुरतची’ किंवा ‘मुंबईची’ म्हणाला तर थाप समजू नका. अशा कितीतरी पेट्या आपल्याच किनाऱ्यावरून गलबतांनी स्टोन टाउनला, म्हणजे झांझिबारच्या जुन्या शहरात, गेलेल्या आहेत.