शिक्का वाच

अनेक उत्तम आशीर्वाद.

तू जमवलेल्या टपालाच्या पाकिटांचे फोटो पाहिले. आधी एक सांगतो, तिकिटं पाण्यात घालून सोडवू नकोस. शाळेत असताना मी अख्खा गठ्ठा परातीत भिजवला होता. तिकिटं वहीत गेली, पाकिटं रद्दीत. कुठल्या गावचे शिक्के होते, ते आता कोण सांगणार?

छोट्या देशांच्या बाबतीत हा उद्योग फार महागात पडतो. ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडच्या मधल्या लिख्टनश्टाइनचंच घे. १९१२ पर्यंत त्या संस्थानाला स्वतःचं तिकीट नव्हतं, पत्रांवर ऑस्ट्रियाचीच तिकिटं लागायची. असं तिकीट सोडवलंस आणि शिक्का अर्धामुर्धा असला, तर हातात काय राहतं? ऑस्ट्रियाचं चारचौघांसारखं तिकीट. तेच पाकिटावर असेल आणि वर तिथल्या वाडुझ किंवा बाल्झर्स गावचा स्वच्छ गोल शिक्का असेल, तर ते लिख्टनश्टाइनचं. १९१२ मध्ये तिथले संस्थानिक योहान दुसरे यांच्या चित्राची ५, १० आणि २५ हेलरची (हेलर म्हणजे ऑस्ट्रियाची चिल्लर) तिकिटं निघाली खरी, पण त्यांच्यावरही जर्मनमध्ये लिहिलंय काय, तर 'लिख्टनश्टाइन संस्थानातलं शाही ऑस्ट्रियन टपाल'! पुढे महायुद्धात ऑस्ट्रियाचं साम्राज्य बुडालं, चलन मातीमोल झालं आणि १९२१ पासून टपालाचा कारभार स्वित्झर्लंडकडे गेला. हेलर जाऊन स्वित्झर्लंडचे रापेन आले. १९१० ते १९२२ मधली तीन-चार पाकिटं शेजारी शेजारी ठेव, एवढंसं संस्थान एका शेजाऱ्याचा हात सोडून दुसऱ्याचा कसा धरतं ते दिसेल.

फ्रान्स आणि स्पेनच्या मधल्या अँडोराची गंमत वेगळी. तिथे प्रमुख दोन, स्पेनमधल्या उर्जेलचे बिशप आणि फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष. म्हणून टपालखातीही दोन. स्पेनने १९२८ मध्ये आणि फ्रान्सने १९३१ मध्ये आपापल्या तिकिटांवर अँडोराचं नाव छापून काम सुरू केलं. (शिंद्यांच्या ग्वाल्हेरची तिकिटं बघ, इंग्रजी राजवटीच्या तिकिटावर संस्थानाचं नाव, तेही देवनागरीत.) आणि देशातल्या देशात साधं पत्र टाकायचं तर कैक वर्षं तिकीटच लागत नसे! नुसत्या शिक्क्याचं असं पाकीट दिसलं तर 'तिकीट पडलेलं दिसतंय' म्हणून बाजूला सारू नकोस.

'पहिल्या दिवसाची', म्हणजे तिकीट निघालं त्याच दिवसाचा शिक्का मारलेली देखणी पाकिटं मला फारशी रुचत नाहीत. सान मारिनोसारख्या देशांनी संग्राहकांना तिकिटं विकून चांगला पैसा केला. त्यातली कित्येक पाकिटं टपालाच्या पेटीत कधी पडलीच नाहीत. त्यापेक्षा कुणा दुकानदाराचं मळकं, कोपरा दुमडलेलं, पण खरोखर प्रवास केलेलं पाकीट घे. महाग असेल तर मात्र जाणत्याला दाखवल्याशिवाय पैसे मोजू नकोस, जुन्या तिकिटांवर खोटे शिक्के मारणारेही आहेत.

तुझ्या त्या अँडोराच्या पाकिटाची पाठ तू दाखवली नाहीस. पोचल्याचा शिक्का बऱ्याचदा मागेच असतो. उजेडात तिरपं धरून फोटो काढ आणि पाठव.